गणिताच्या तासाला आकडेमोड कॉम्प्युटरवर करू द्यायची का? आठवी ते दहावीवाल्यांनी अनुभव सांगा

कृष्णाकाठचा_मास्तर:

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कूलला गणित शिकवतो, आठवी नववी दहावी, सोळा वर्षं झाली. प्रश्न लांबलचक आहे पण मनापासून विचारतोय, जरा वेळ काढून वाचा.

मागच्या वर्षी आमच्याकडं माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून कॉम्प्युटर लॅब झाली. बारा मशीन आली, त्यातली नऊ चालतात. इन्व्हर्टर आहे पण लाईट गेली की तासभरच टिकतो. मी मुख्याध्यापकांकडनं आठवड्याला एक तास गणितासाठी मागून घेतला, लिब्रेऑफिस (तक्ते-हिशोबाला) आणि जिओजेब्रा (आलेख-आकृत्यांना) टाकून घेतलं, दोन्हीला पैसे लागत नाहीत, आणि एका मशीनवर चार-पाच पोरं बसवून सुरू केलं.

हे डोक्यात आलं कुठनं तर दहावीच्या सांख्यिकीतनं. मध्य म्हणजे सरासरी काढायच्या तीन पद्धती आहेत आपल्याकडं, सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन. सोळा वर्षं मी तिन्ही शिकवतोय, तिन्हीचे तक्ते फळ्यावर काढून हात दुखलेत. एका मुलीनं विचारलं, सर तिन्हीनं उत्तर एकच येतं मग तीन कशाला? मी म्हटलं अगं आकडे मोठे असले की गुणाकार जड जातात, म्हणून ते आधी हलके करून घ्यायची युक्ती आहे ती. तर म्हणाली मग लॅबमध्ये करूया की सर, तिथं कुठं जड जातंय. मला त्यावर उत्तर सुचलं नाही. आणि घरी येताना गाडीवर तेच डोक्यात की पोरगी खरं बोलली, तीनातल्या दोन पद्धती निव्वळ हाताचा त्रास वाचवायला आहेत, त्यात मध्य म्हणजे काय हे जास्तीचं काहीच कळत नाही, आणि आपण त्यावर चार-पाच तास घालवतो.

मग जुलैत पाऊस लागला. आमच्याकडं जुलै-ऑगस्टला घराघरात एकच बोलणं, कोयना धरणातनं किती सोडलं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती झालं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका हे पोरांना पाठ आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं त्यांना आठवतंय, कितीतरी जणांची घरं पाण्यात होती. टीएमसी, क्युसेक हे शब्द तर येता-जाता तोंडात. पण एक टीएमसी म्हणजे किती आणि त्याचा क्युसेकशी संबंध काय, हे वर्गात एकालाही सांगता येईना. म्हणून तोच प्रश्न घेतला. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, समजा धरणात आज ७५ आहे, आवक एक लाख क्युसेक आणि दरवाजे बंद, तर धरण किती दिवसांत भरेल? टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एवढंच सांगितलं आणि मी गप्प बसलो.

नऊ गट होते. चार गटांचं साडेतीन दिवस आलं, ते बरोबर आहे, लाखाची आवक दिवसभर चालली की ८.६४ टीएमसी होतात. तीन गटांचं आलं २१० दिवस. त्यांनी तासाचे सेकंद करताना साठनं एकदाच गुणलेलं. दोघांचं अर्धवट राहिलं. आता ते २१० वाल्यांनी उत्तर वहीत उतरवून खाली दोन रेघा मारून ठेवलेल्या, मशीननं दिलंय म्हणजे बरोबरच. मी विचारलं पावसाळा किती महिन्यांचा रे? म्हणाले चार. मग धरण सात महिने भरतंय होय? तेव्हा कुठं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले आणि चूक त्यांची त्यांनीच शोधली. हा तास हातानं घेतला असता तर शून्यं मोजण्यात आणि भागाकारातच बेल झाली असती, २१० का चुकलं यावर बोलायला वेळच उरला नसता.

पण आता पालकसभेत विषय निघाला. एक-दोघं जोरात बोलले की पोरं पंगू होतील, पाढे विसरतील, बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही मग सवय कशाला लावताय. आमच्या स्टाफमधल्या दोन ज्येष्ठ शिक्षकांचंही तेच मत आहे आणि ते माझ्यापेक्षा जास्त शिकवलेले आहेत, त्यांचं मी उडवून लावणार नाही. म्हणून विचारतो, कुठल्या इयत्तेपासून द्यावं, काय हातानंच झालं पाहिजे, आणि मशीनवर केलेलं पोराला कळलंय की नुसतं टाइप केलंय हे तुम्ही कसं ओळखता? ज्यांनी वर्गात केलंय त्यांनी प्लीज लिहा.


तासगावकर_पालक:

सर राग मानू नका, पण मी त्या जोरात बोलणाऱ्यांच्या बाजूचा आहे. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. गणित भाग एक ४० मार्क, भाग दोन ४० मार्क, दोन-दोन तासाचा पेपर, हातात फक्त पेन. उद्या सायन्सला गेली तर बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरवर पण छापलेलं असतं की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. जेईईला नाही, नीटला नाही. मग ज्या चार वर्षांत पोरांचं सगळं ठरतं त्या चार वर्षांत मशीन नाहीच, तर आठवीला सवय लावून तुम्ही काय मिळवताय?

आमचा बेदाण्याचा धंदा आहे. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा हा हिशोब माझ्या वडलांच्या डोक्यात पक्का, बागेत उभं राहून नुसतं घड बघून सांगायचे किती टन निघंल आणि किती बेदाणा होईल, आणि शेडवर माल आला की फार फरक नसायचा. आता माझा पुतण्या, ग्रॅज्युएट आहे, ४८० चे २५ टक्के काढायला मोबाईल काढतो. बघून जीव तुटतो हो. चूक त्याची नाही, कुणी सवयच लावली नाही. तुम्ही शिक्षक लोकांनीच जर आकडेमोड मशीनला देऊन टाकली तर घरी आम्ही काय करणार?


सिव्हिलवाला_कराड:

मी कराडला इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतो, बारा वर्षं. वरच्या दोघांचंही पटतंय मला, थांबा सांगतो कसं.

आमच्याकडं येणारी पोरं दहावीत साइन ३० म्हणजे एक छेद दोन हे झोपेत सांगणारी. तीच पोरं प्रॅक्टिकलला स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात, साइन ३० टाकतात, उत्तर येतं उणे ०.९८८, आणि तेच पुढच्या रकान्यात वापरून पुढं जातात. कारण काय तर मशीन कोन रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात घेतं, तुम्ही अंशात दिलात, अंशाचं रेडियन करून द्यावं लागतं. हे माहीत नसणं हा गुन्हा नाही, एकदा सांगितलं की कळतं. मला झोंबतं ते वेगळं, पहिल्या चरणातल्या कोनाचं साइन ऋण आलेलं बघून एकाचीही भुवई वर जात नाही! पाठ केलेलं एका कप्प्यात आणि मशीनचं उत्तर दुसऱ्या कप्प्यात, दोन्हीची गाठ कधी पडलीच नाही.

अजून एक करून बघा वर्गात, पाच मिनिटांचं काम आहे. एक्सेलमध्ये कंस न घालता उणे २ चा घात २ असं टाका, ४ येतं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तेच टाका, उणे ४ येतं. गणितातल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणं उणे ४ बरोबर, आधी घात मग चिन्ह. पण एक्सेलनं ते चिन्ह आधी धरायचं असं ठरवून ठेवलंय. मग पोरांना विचारा दोन मशीन दोन उत्तरं देतायत, आता निवाडा कोण करणार? तिथं कंसाचे नियम जे काय डोक्यात बसतात ते शंभर उदाहरणं सोडवून बसत नाहीत. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला लावा, ०.३०००००००००००००००४ असं येतं, कारण मशीन आत सगळं दोनाच्या पायात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून (बायनरीत) ठेवतं आणि ०.१ दोनाच्या पायात लिहायला गेलं तर संपतच नाही, जसं आपल्याकडं एक छेद तीन दशांशात संपत नाही तसंच. दहावीच्या पोराला आवर्ती दशांश माहीत असतात, त्यामुळं हे कळतं त्यांना.

अकरावी-बारावीला असाल तर एक अधिक एक छेद एन, त्याचा घात एन, हे घ्या. एन वाढवत न्या, उत्तर २.७१८ कडं सरकतं, सगळे खूश. मग एन एकावर पंधरा शून्यं करा, उत्तर एकदम ३.०३५. सोळा शून्यं करा, उत्तर १. गणित बदललं नाही, मशीनचे अंक संपले. पुस्तकात ती २.७१८ वाली संख्या ई शिकताना हे कुणाला दिसत नाही.

हे नुसतं पुस्तकी पण नाही बरं का. १९९१ च्या आखाती युद्धात धहरानला पॅट्रियट क्षेपणास्त्राच्या यंत्रणेत सेकंदाचा दहावा भाग असाच बायनरीत तोडून ठेवलेला, शंभर तास यंत्रणा चालू राहिल्यावर ती चूक साठत साठत साधारण एक तृतीयांश सेकंदाची झाली, येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक गेले. ०.१ सारख्या साध्या आकड्यापायी. मी दरवर्षी पहिल्या लेक्चरला हे सांगतो आणि वर्ग शांत होतो.

गणिताच्या सॉफ्टवेअरमधले कॉनराड वुल्फ्राम यांनी २०१० च्या टेड परिषदेतल्या भाषणात गणिताच्या चार पायऱ्या सांगितल्यात, नीट प्रश्न विचारणं, तो गणितात मांडणं, आकडेमोड करणं, आणि आलेलं उत्तर परत खऱ्या गोष्टीशी ताडून बघणं. त्यांचं म्हणणं की शाळेचा बहुतेक वेळ तिसऱ्या पायरीवर जातो आणि तीच पायरी मशीन माणसापेक्षा चांगली करतं. सर तुमच्या कोयनेच्या तासात पोरांनी बाकीच्या तीन पायऱ्या केल्या, म्हणून तो तास मला आवडला. पण तासगावकर दादांचे वडील बाग बघून जे सांगायचे ना, ती चौथी पायरी आहे, आणि ती ज्याच्याकडं नाही त्याच्या हातात मशीन देणं धोक्याचंच.


विटा_मॅथ्स:

आमच्याकडं पण हीच भांडणं चालू आहेत, वाचतोय. लॅब आहे पण किल्ली ऑफिसमध्ये.


जुना_शिक्षक_वाई:

नातवानं हे पान उघडून दिलं. टाइप करायला वेळ लागतो, चुकलं तर सांभाळून घ्या. वय ऐंशी पार. चौतीस वर्षं गणित शिकवलं, सातारा जिल्ह्यात वेगवेगळ्या गावांत.

माझ्याकडून सगळ्यांची अपेक्षा असेल की म्हातारा पाढ्यांची बाजू घेणार. घेतोच. पण एक गोष्ट सांगतो ती ऐका. मी लहान असताना आम्हाला तीसपर्यंत पाढे तर होतेच, त्यापुढं अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. रोज संध्याकाळी दिवा लावला की ओट्यावर बसून सगळ्या गल्लीतली पोरं एका सुरात म्हणायची, चुकलं की पाठीत धपाटा. ते का होतं? तर रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस, आणि बाजारात सगळा व्यवहार पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असाच. पाऊण शेर गूळ सव्वा आण्यानं, असं गिऱ्हाईक म्हणालं की दुकानदारानं तिथल्या तिथं सांगायचं. त्या बाजाराला ते पाढे हवेच होते.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. पाठोपाठ किलो आणि ग्रॅम आले. मी तेव्हा हायस्कूलला होतो. आमच्या मास्तरांना फार वाईट वाटलं होतं, ते म्हणायचे आता पोरांच्या जिभेला वळण राहणार नाही. दहा-पंधरा वर्षांत औटकी शाळेतनं गेली. मी स्वतः शिक्षक झालो तोवर ती शिकवायचं कारणच उरलं नव्हतं आणि मी शिकवली नाही. आज माझ्या नातवाला औटकी येत नाही म्हणून त्याला गणित येत नाही असं मी म्हणू शकत नाही. तो माझ्यापेक्षा किती पुढचं गणित करतो.

म्हणून मास्तर, तुमच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न बरोबर आहे. गृहीतमध्य ही आपल्या काळाची औटकी आहे. गरज होती तोवर होती. तिची युक्ती म्हणून एकदा दाखवा, आकडे सरकवले की मध्य तेवढाच सरकतो हे त्यातनं छान कळतं, ते सोडू नका. पण तक्त्यांची रास नको.

आता दुसरी बाजू. औटकी गेली तरी साडेतीन म्हणजे तीनपेक्षा जास्त आणि चारपेक्षा कमी हे भान जाता कामा नये. मी वर्गात एक करायचो. उदाहरण फळ्यावर लिहिलं की आधी प्रत्येकानं वहीच्या समासात अंदाज लिहायचा, शंभरात आहे, हजारात आहे, की लाखात. मग सोडवायचं. अंदाज चुकला तर रागावायचं नाही, पण अंदाज लिहिलाच नाही तर पुढं सोडवायचं नाही. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, पण मुलं हातानंसुद्धा दशांशचिन्ह सरकवून उत्तरं आणायचीच की. हा उपाय मशीनलाही लागू पडेल असं वाटतं.

पाचवी होईपर्यंत मात्र मशीन हातात देऊ नये. पाढे, बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक हे बोटात आणि जिभेवर यायला ती वर्षं लागतात, पुढं ते येत नाही.


एमएड_सातारा:

गुरुजी नमस्कार, तुम्ही लिहिलंत ते वाचून फार बरं वाटलं. तुमच्या शेवटच्या मुद्द्याला आधार आहे, म्हणून लिहिते.

१९८६ मध्ये हेम्ब्री आणि डेसार्ट या संशोधकांनी कॅल्क्युलेटरवरचे ७९ अभ्यास एकत्र करून तपासले होते. नेहमीच्या शिकवण्याबरोबर कॅल्क्युलेटर दिला तर मुलांची कागद-पेन्सिलची कौशल्यं ढासळतात का, हाच प्रश्न. निघालं असं की साधारण कुवतीच्या मुलांची ढासळत नाहीत, उलट थोडी सुधारतात, अपवाद एकच इयत्ता, चौथी. चौथीत सतत वापर दिला तिथं मात्र मूलभूत आकडेमोड मागं पडली. २००३ मध्ये एलिंग्टन यांनी ५४ अभ्यास घेऊन पुन्हा बघितलं, त्यात अजून एक गोष्ट ठळक झाली की जिथं शिकवतानाही वापरला आणि परीक्षेतही वापरू दिला तिथं फायदा जास्त दिसतो. म्हणजे तासगावकर दादा म्हणतात त्यात तथ्य आहे, आपल्याकडं परीक्षेत नाही त्यामुळं तो पूर्ण फायदा आपल्याला मिळणार नाही. आणि हे सगळं कॅल्क्युलेटरबद्दल आहे हे लक्षात ठेवा, स्प्रेडशीट किंवा जिओजेब्रा ही वेगळी गोष्ट, त्यात मुलाला सूत्र स्वतः लिहावं लागतं.

मी सराव पाठाला नववीला एक तास घेतला होता तो सांगते. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके. महाबळेश्वरला वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि आमच्या माणमध्ये दहिवडीकडं पाचशेच्या आसपास. मुलांनी अकरा तालुक्यांचे आकडे भरले, सरासरी एका सेकंदात आली. मग विचारलं, एवढा पाऊस पडणारा तालुका दाखवा बरं. मुलं यादी वरखाली करतायत, जवळपास कुणीच सापडेना. मग महाबळेश्वर खोडून बघितलं, सरासरी धाडकन खाली. मध्यक, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर बरोबर मधला येतो तो, मात्र फारसा हलला नाही. एक मुलगा माणमधलाच होता, म्हणाला मॅडम म्हणजे पेपरात जिल्ह्यात सरासरी चांगली झाली म्हणतात तेव्हा आमच्याकडं टँकर चालूच असतो ते यामुळं होय? मध्य आणि मध्यक यातला फरक मी बीएडला व्याख्येनं शिकले होते, त्या मुलाला तो तासाभरात कळला. हातानं सरासरी काढायची असती तर आम्ही एकदाच काढली असती आणि तास संपला असता, खोडून परत, दुसरं खोडून परत, हे झालं नसतं.

जिओजेब्रासाठी, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतून धडे आहेत, मुलांना स्वतःचं स्वतः बघता येतात. वर्गसमीकरणाला स्लायडर (सरकपट्टी) लावून सी ची, म्हणजे शेवटच्या स्थिर पदाची किंमत सरकवा, आलेख वर जाताना दोन मुळं जवळ येतात, एक होतात, मग नाहीशी होतात. विवेचक शून्य म्हणजे काय ते तिथं दिसतं.


तासगावकर_पालक:

गुरुजींचं वाचलं. माझे वडील पण औटकी म्हणायचे, आजारी असताना शेवटच्या दिवसांत पडल्या पडल्या म्हणायचे, मला ते एकदम आठवलं.

बरं, पाचवीपर्यंत नको हे सगळेच म्हणताय, चांगलंय. पण माझ्या मूळ प्रश्नाचं काय? मार्क. दहावीच्या पोराच्या बापाला तुम्ही पाऊस आणि धरण सांगताय, त्याला पेपर दिसतोय. सर, तुमच्या लॅबवाल्या वर्गाची चाचणी झाली असेल ना, हातानं सोडवायच्या पेपरला त्यांचं काय झालं ते खरं खरं सांगा.


कृष्णाकाठचा_मास्तर:

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. गुरुजी माझा नमस्कार स्वीकारावा.

दादा खरं सांगतो. लॅबवाल्या नववीची पहिली घटक चाचणी हातानं होती आणि त्यात आठ-दहा पोरांचं भागाकारात आणि अपूर्णांकात गणित चुकलं. पण त्यातल्या बहुतेकांचं सातवीला पण तिथंच चुकत होतं, मी जुन्या वह्या मागवून बघितल्या. म्हणजे लॅबनं बिघडवलं असं म्हणता येत नाही आणि लॅबनं सुधारलं असंही म्हणता येत नाही. एका वर्गावरनं मी छाती ठोकून काही बोलणार नाही. त्या आठ-दहांसाठी आता रोज परिपाठानंतर दहा मिनिटं तोंडी हिशोब घेतोय, मशीन नाही, पेन पण नाही. ते चालूच ठेवणार. आणि दहावीला जानेवारीनंतर लॅब बंद, तेव्हा फक्त हातानं सोडवलेलं ताडून बघायला.

गुरुजींचा समासातला अंदाज मी गेल्या तीन आठवड्यांत लावून बघितला. नियम केला, वहीत पेनानं अंदाज लिहिल्याशिवाय कीबोर्डला हात नाही. पहिल्या दिवशी पोरं वैतागली, काहींनी आधी उत्तर काढून मग अंदाज लिहिला, कळतं ते लगेच, अंदाज कुणाचा ३४७२.५ असतोय का. दुसऱ्या आठवड्यात मी कोयनेचाच प्रश्न आकडे बदलून दिला. यावेळी सगळ्यांनी समासात दोन दिवस, पाच दिवस, आठवडा असं लिहिलं होतं, आणि एका गटाचं उत्तर चारशेच्या घरात आलं तर मी जायच्या आधीच ते सूत्र खोडत होते.

पुराचं पण केलं. समजा पुलाला ३० फूट आहे आणि पाणी तासाला अर्धा फूट चढतंय, तर तक्ता करून पुढं ओढा. ओढलं की मशीन काय, ओढतच जातं, सात दिवसांनी ११४ फूट! वर्गातली एक मुलगी, २०१९ ला त्यांचं सगळं गेलं होतं, ती म्हणाली सर असं होत नसतं, पाणी पात्राबाहेर पडलं की पसरतं, मग चढायचा वेग कमी होतो, आमच्याकडं शेवटी शेवटी बोटाबोटानं चढत होतं. मी बाजूला उभा राहिलो आणि तिलाच फळ्यावर आलेख काढायला सांगितला. आधी उभा चढ, मग हळूहळू आडवा होत जाणारा. रेषीय कुठवर चालतं आणि कुठं मोडतं हे माझ्यापेक्षा तिनं चांगलं सांगितलं.

आता ते कराडच्या सरांनी मशीनच्या चुका लिहिल्यात त्यावरनं मला एक सांगायचंच आहे, कारण माझ्या सोळा वर्षांतला तो सगळ्यात चांगला तास होता. देवळालीचे द. रा. कापरेकर, शाळेतले गणिताचे मास्तर, त्यांचा ६१७४ सगळ्यांना माहीतच असेल. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर परत तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथं ते थांबतं. कुठलीही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. पोरांनी प्रत्येकी दोन-दोन हातानं केल्या. मग एक म्हणाला, सर सगळ्याच संख्यांचं असं होतं कशावरनं? हातानं किती करणार, १००० ते ९९९९ मधल्या सारख्या अंकांच्या नऊ सोडल्या तर ८९९१ होतात. तर लॅबमध्ये घेतलं, अंक वेगळे करायचं सूत्र लिहायला आख्खा एक तास गेला, दुसऱ्या तासाला ते सूत्र सगळ्या संख्यांसाठी खाली ओढलं.

आणि एका गटाच्या तक्त्यात काही ठिकाणी ६१७४ च्या जागी शून्य! पोरं ओरडायला लागली, सर कापरेकर चुकले, आम्हाला सापडलं. मी पण क्षणभर गोंधळलो. त्यातली २१११ घेतली आणि म्हटलं आता हातानं करा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. आता हे तीन अंकी समजलं तर ९९९ वजा ९९९ शून्य. पण चार अंकी म्हणून ०९९९ धरलं तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. मशीननं पुढचं शून्य गाळलं होतं, त्याला ते बिनकामाचं वाटतं. सूत्र दुरुस्त केलं, शून्यं गेली, आख्खा रकाना ६१७४. ज्या पोरानं चूक शोधली तो एरवी मागच्या बाकावर बसतो, गणितात काठावर पास होणारा. चूक सापडली कशी तर हातानं वजाबाकी करून. दादा, म्हणून मी हात सोडा असं म्हणतच नाही, हात नसता तर आम्ही त्या दिवशी कापरेकरांनाच चूक ठरवून घरी गेलो असतो.


जुना_शिक्षक_वाई:

मास्तर, पोराला शाबासकी सांगा माझी. आणि धरण साडेतीन दिवसांत भरतं म्हणालात, म्हणजे औट दिवस. पुढच्या तासाला हा शब्द पोरांना सांगा.


सिव्हिलवाला_कराड:

ते शून्य गळण्याचं मी माझ्या लेक्चरला घेतो, परवानगी असू द्या. आमच्याकडं शून्यानं सुरू होणाऱ्या नंबरांच्या फायलीत हेच होतं आणि पोरांना कळत नाही.


तासगावकर_पालक:

सर, ती ११४ फुटांची गोष्ट मुलीला वाचून दाखवली. तिनं वहीत लगेच आमच्या बागेचं मांडलं, एकरी एवढी झाडं, झाडाला एवढे घड, घडाचं वजन अंदाजे एवढं, चारानं भागा. अंदाज आजोबांसारखा आला नाही, दुपटीनं जास्त आला. झाडं बरोबर होती, घडाचं वजन चुकलं होतं. उद्या बागेत जाऊन काट्यावर तोलून बघते म्हणतीय.

पेपरची काळजी माझी गेलेली नाही, ते स्पष्ट सांगतो. पण तुमचा तास एकदा मागं बसून बघायचा आहे. शनिवारी आलो तर चालेल का?


कृष्णाकाठचा_मास्तर:

या की दादा. शनिवारी सकाळची शाळा असते, लॅबचा तास साडेनऊला. मुलीला पण आणा, तिचे घडाचे आकडे घेऊन, नववीच्या पोरांना तेच उदाहरण देतो. फक्त निघायच्या आधी लाईट आहे का एक मेसेज करून विचारा.